मोत्याची फिट आणि अक्काचं गार्डिनाल

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर कदाचित आत्ता तो तुमच्या पायाशी झोपलेला असेल. झोपेत त्याचे पाय हलतात, मिशा थरथरतात, मध्येच तो बारीक आवाजात भुंकतो. ते स्वप्न असतं. हाक मारली की तो डोळे उघडतो आणि तुमच्याकडे बघतो. फिट वेगळी असते. त्यात डोळे उघडेच असतात, पण तो कुठेच बघत नसतो.

हा फरक मला तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे, ग्वेल्फमधल्या आमच्या भाड्याच्या घरात कळला. मोत्या म्हणजे बीगल आणि आणखी कशाकशाचं मिश्रण. वय तेव्हा तीनच्या आसपास. स्वयंपाकघरात आडवा पडून तो चारही पाय झाडत होता. त्याचं पाण्याचं स्टीलचं भांडं फरशीवर आपटत होतं, त्या आवाजाने मला जाग आली. तोंडाला फेस, अंगाखाली लघवी. मी त्याचा जबडा उघडायला धावले, कारण फिट आली की जीभ घशात जाते असं लहानपणापासून ऐकलेलं. नवऱ्याने माझा हात मागे ओढला. बरं झालं. जीभ घशात जात नाही, कुत्र्याची नाही आणि माणसाचीही नाही. बोट मात्र चावलं जाऊ शकतं. आणि एवढ्या वर्षांनी, पीएचडी वगैरे करूनसुद्धा, माझ्या डोक्यात दुसरा विचार आला तो चपलेचा! चप्पल हुंगवली की फिट उतरते, हे कुठून शिकले होते ते मला तेव्हा आठवलं नाही.

फिट दीड मिनिट चालली. नंतर अर्धा तास मोत्या आंधळ्यासारखा भिंतींना धडकत घरभर फिरला, मग अधाशासारखं खाल्लं आणि झोपला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, काम गव्हाच्या पिठावर. पण एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ती आधी कुणाकुणाला कळली नव्हती हे शोधत बसायची मला सवय आहे. त्या थंडीत मी कुत्र्यांच्या अपस्माराचा इतिहास वाचायला घेतला, आणि तो वाचता वाचता माझ्याच घरात येऊन पोचले. ते कसं, ते सांगते.

डॉक्टरांनी पहिल्या फिटनंतर औषध दिलंच नाही. रक्त तपासलं, यकृत तपासलं, विषारी काही खाल्लंय का विचारलं, आणि एक वही घालायला सांगितली: तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय खाल्लं, नंतर कसा वागला. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ. फिट चालू असताना आसपासचं सामान बाजूला करायचं, दिवे मंद करायचे, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांपुढे गेली किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर थेट इमर्जन्सी. सहा महिन्यांत दोन फिट आल्या तर औषध सुरू करायचं, असा साधारण नियम. मार्चमध्ये एकाच दिवशी दोन आल्या, आणि नियमाचा प्रश्न मिटला. निदान 'इडिओपॅथिक एपिलेप्सी'. म्हणजे कारण सापडलं नाही, याचं भारदस्त नाव. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणाऱ्या आणि बाकी तपासण्या ठीक असलेल्या फिट्सना बहुधा हेच नाव मिळतं. शंभर-दीडशे कुत्र्यांमागे एखाद्याला हा आजार असतो, माणसांतही प्रमाण साधारण तेवढंच. बीगलमध्ये जरा जास्त.

एका कुत्र्यासाठी एवढी यंत्रणा असणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. ग्वेल्फचं ऑन्टारियो व्हेटरनरी कॉलेज १८६२ साली अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश पशुवैद्याने टोरांटोत सुरू केलं. कॅनडा आणि अमेरिकेतलं आजही चालू असलेलं हे सगळ्यांत जुनं पशुवैद्यक महाविद्यालय. (मुंबईतलं परळचं कॉलेज १८८६चं.) तेव्हा पशुवैद्य म्हणजे मुख्यतः घोड्यांचा डॉक्टर. १९२२ मध्ये कॉलेज ग्वेल्फला आलं, तोवर रस्त्यांवर मोटारी आल्या होत्या, घोडे कमी होत होते, आणि दवाखान्यात हळूहळू कुत्री-मांजरं येऊ लागली. गॉर्डन स्ट्रीटवरच्या त्या जुन्या इमारतीसमोरून मी रोज प्रयोगशाळेत जाते. मोत्या आजारी पडेपर्यंत तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्याच्या कितीतरी आधी कुत्रा अपस्माराच्या इतिहासात शिरला होता, पण रुग्ण म्हणून नव्हे. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्सिग या दोन तरुण डॉक्टरांनी जिवंत कुत्र्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श केला. एका जागी स्पर्श केला की पुढचा पाय हलायचा, दुसऱ्या जागी मागचा. संस्थेत जागा नव्हती म्हणून हे प्रयोग हिट्सिगच्या घरी, बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर केले, असं सांगतात. (त्या बाईंचं म्हणणं कुठे वाचायला मिळालं नाही.) वीज थांबवल्यावरही काही कुत्र्यांना झटके येत राहिले, पूर्ण फिटच आली. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियरने तेच प्रयोग वाढवले. अपस्मार म्हणजे अंगात शिरणारं काही नव्हे, मेंदूच्या एका कोपऱ्यात पेटून पसरणारी वीज आहे, या समजुतीला पहिला प्रत्यक्ष आधार मिळाला तो कुत्र्यांच्या उघड्या मेंदूतून. पुढे माँट्रियलच्या पेनफिल्डने जाग्या माणसांच्या मेंदूवर जे नकाशे काढले, त्यांचं मूळ त्या ड्रेसिंग टेबलावर आहे. म्हणजे माणसाने कुत्र्याकडून आधी घेतलं, आणि परतफेड बऱ्याच उशिरा सुरू झाली.

परतफेड म्हणजे औषधं. यातलं पहिलं औषध चुकीच्या कारणासाठी सापडलं. १८५७ साली राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं की पोटॅशियम ब्रोमाइड देऊन त्यांनी काही स्त्रियांच्या फिट्स थांबवल्या. त्यांच्या मते बायकांच्या फिट्सचा संबंध पाळीशी आणि कामवासनेशी होता आणि ब्रोमाइड ती वासना शमवत होतं. सिद्धान्त टाकाऊ होता, औषध खरं होतं. पुढची पन्नासेक वर्षं जगभर ब्रोमाइडच चाललं, आणि रोगी गुंगीत, पुरळांनी भरलेल्या चेहऱ्यांनी बसून राहिले.

दुसरं औषध झोपमोडीतून आलं. १९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या इस्पितळात आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर अपस्माराच्या वॉर्डच्या वरच राहत असे. रात्री रुग्णांच्या फिट्सनी त्याला झोप मिळेना, म्हणून त्याने त्यांना झोपेचं एक नवं औषध दिलं, अशी गोष्ट सांगतात. फेनोबार्बिटल. रुग्ण झोपले हे ठीकच, पण त्यांच्या दिवसाच्या फिट्सही कमी झाल्या. हाउप्टमान ज्यू होता. १९३८च्या नोव्हेंबरात नाझींनी त्याला डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर तो अमेरिकेत पोचला आणि १९४८ मध्ये बोस्टनमध्ये वारला. त्याचं औषध आज शंभराहून अधिक वर्षांनी मोत्या घेतो. सकाळी सात, संध्याकाळी सात. हे नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही; आम्ही ते माणसांच्या फार्मसीतून आणतो. पाकिटावर 'मोत्या' आणि पुढे आमचं आडनाव. काउंटरवरचा मुलगा पहिल्या दिवशी मलाच मोत्या समजला होता.

औषध सुरू झालं त्या रविवारी मी मिरजेला बाबांना व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, मोत्याला गोळ्या सुरू झाल्या, फेनोबार्बिटल.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे गार्डिनालच की गं. अक्काची गोळी."

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. १९९८ मध्ये ती गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला ती आठवते ती स्वयंपाकघरात पाट टाकून बसलेली, फार हळू बोलणारी. तिला 'चक्कर यायची' एवढंच आम्हा मुलांना माहीत. तिने लग्न केलं नाही, तेही आम्हाला तिची आवड म्हणूनच सांगितलेलं. चप्पल मी तिच्यामुळे शिकले होते. एकदा मागच्या दाराशी ती पडली होती आणि कुणीतरी तिच्या नाकाशी वहाण धरली होती. हे मी पार विसरून गेले होते.

बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. अक्काला तेराव्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. त्यानंतर आधी अंगारे झाले, मग एक वैद्य. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वानलेस हॉस्पिटल होतं, विल्यम वानलेस या मूळच्या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरने मिरजेत उभं केलेलं. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं गाडी करून तिथे यायची. अक्काला तिथे नेलं नाही, कारण तिथे सगळे ओळखीचे. अखेर सांगलीच्या एका डॉक्टरकडे नेलं, आणि महिन्याची गार्डिनालची बाटलीही सांगलीतूनच यायची. आणायला बाबा जायचे, सायकलवरून. मिरजेच्या केमिस्टने चिठ्ठी वाचली असती, तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं.

तुम्ही म्हणाल, जुने लोक, अडाणीपणा. मीही तसंच म्हणाले. पण मग कायदा वाचला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीत वेडाच्या जोडीला अपस्माराचाही उल्लेख आला: वारंवार फिट्स येणाऱ्या व्यक्तीशी झालेलं लग्न त्या कारणाने रद्द करून घेता येत असे. तो शब्द कायद्यातून गेला १९९९ मध्ये. अक्का पंचवीस वर्षांची असताना तो आला आणि ती गेल्यानंतर वर्षभराने निघाला. आजी-आजोबा उगाच घाबरत नव्हते. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत, नावातच स्मृती जाण्याचा अर्थ आहे. म्हणजे हा आजार आहे हे आपल्याला दोन हजार वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि शेजाऱ्याला सांगता येणं यांत मात्र अंतर राहिलं.

मोत्याची गोष्ट मी ऑफिसात दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगितली होती. कुणी सूप आणून दिलं, कुणी स्वतःच्या कुत्र्याचा अनुभव सांगितला.

आता थोडं माझ्या पिठाबद्दल, कारण ही कथा मला खरं तर आधीपासून अर्धवट ठाऊक होती. ताज्या दळलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव चांगला फुगत नाही. पीठ काही आठवडे मुरावं लागतं. एवढा वेळ कोण थांबणार? म्हणून १९२०च्या दशकापासून गिरण्या पिठातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू सोडू लागल्या. या पद्धतीचं नाव 'एजीन'. पीठ पांढरं व्हायचं आणि लगेच वापरता यायचं. त्याच काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कुत्र्यांना एक विचित्र आजार होऊ लागला. धडधाकट कुत्रं एकाएकी किंचाळत, कशाला तरी घाबरल्यासारखं धावत सुटायचं, भिंतींवर आपटायचं आणि शेवटी फिट येऊन पडायचं. लोक त्याला 'कॅनाइन हिस्टेरिया' म्हणत. जंतांवर संशय घेतला, विषाणूंवर घेतला, जातींवर घेतला, आणि यात वीस-पंचवीस वर्षं गेली.

उत्तर दिलं सर एडवर्ड मेलनबी यांनी. हे तेच, ज्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून मुडदूस आहारातून होतो हे दाखवलं होतं. १९४६ साली त्यांनी कुत्र्यांना एजीन केलेलं पीठ खाऊ घातलं आणि फिट्स आल्या; तेच पीठ वायूशिवाय दिलं, तर आल्या नाहीत. कुत्र्यांची बिस्किटं याच पिठाची होती. पुढे काही वर्षांत विषही सापडलं. वायूमुळे पिठातल्या प्रथिनांतल्या मेथिओनिनपासून मेथिओनिन सल्फॉक्सिमिन तयार होत होतं, आणि ते मेंदूतलं ग्लुटामेट आवरणाऱ्या एका एन्झाइमलाच अडवत होतं. हेच पीठ माणसंही खात होती, ब्रिटनमधला बहुतेक पांढरा पाव त्याचाच. माणसांना त्याने फिट्स आल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी अमेरिकेत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये पन्नासच्या दशकात एजीन बंद झालं.

पीएचडीच्या वेळी मी हे एका तळटीपेत वाचलं होतं. 'कुत्र्यांमध्ये झटके आढळले' असे तीनच शब्द होते, आणि ते वाचून मी पान उलटलं होतं. आता त्यामागे मला स्टीलच्या भांड्याचा आवाज ऐकू येतो.

मोत्याच्या फिट्स फेनोबार्बिटलने कमी झाल्या, थांबल्या नाहीत. या औषधाने तहान आणि भूक भयंकर वाढते. आमचा सभ्य कुत्रा कचऱ्याचे डबे उलटे करू लागला. शिवाय यकृत हे औषध दिवसेंदिवस जास्त वेगाने मोडून टाकायला शिकतं, म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. आणि गोळी अचानक बंद करायची नाही, कधीच. त्यानेच मोठी फिट येते. माणसांची बाकीची सगळी औषधं कुत्र्याला चालतात असंही नाही. फेनिटॉइन घ्या: १९३०च्या दशकात बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर चाचण्या करून ते शोधलं, आणि माणसांत त्याने क्रांती केली. पण कुत्र्याचं शरीर ते काही तासांतच संपवून टाकतं, त्याचा उपयोग होत नाही. ज्या ब्रोमाइडला माणसांनी टाकून दिलं, ते मात्र १९८०-९०च्या दशकांत कुत्र्यांसाठी परत आलं. मोत्याला दुसरं औषध म्हणून तेच मिळालं, लोकॉकसाहेबांचं.

ब्रोमाइडची गंमत अशी की मूत्रपिंडाला ते आणि मिठातलं क्लोराइड सारखंच वाटतं. मीठ वाढलं की शरीर जास्त ब्रोमाइड बाहेर टाकतं. कुत्र्याच्या अंगात ते इतकं सावकाश साठतं की पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि एकदा बिघडली की पुन्हा तेवढाच काळ. गेल्या उन्हाळ्यात आमची घडी छान बसली होती. मग पातळी घसरली, सात आठवड्यांनी फिट आली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी ठामपणे नाही म्हणाले. तेव्हा माझी आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेली होती. घरी आल्यावर तिला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, रोज दुपारी एक पापड घेतो फक्त माझ्याबरोबर. आणि शेंगदाणे. खारे आवडतात त्याला." तिला काय बोलणार? परदेशात दुपारी एकटी असताना तिच्याशी गप्पा मारणारा तोच तर होता. आता आईने आणलेले पापड वरच्या फडताळात असतात, आणि मोत्याला दुपारी गाजर मिळतं. गाजराबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नाही.

बारा तासांच्या गोळीने आमचंही वेळापत्रक बांधलं गेलं. टोरांटोच्या गणपतीला आम्ही आरतीआधी निघतो. लोकांना वाटतं आम्ही माणूसघाणे आहोत.

टोरांटोवरून आठवलं, कुत्र्यांच्या अपस्मारातलं पहिलं जनुक तिथेच सापडलं. लाफोरा हा किशोरवयीन मुलांना होणारा अपस्माराचा भीषण प्रकार. सुरू झाल्यापासून साधारण दहा वर्षांत मूल जातं. ब्रिटनमधल्या तारेसारख्या केसांच्या छोट्या डॅक्सहुंड कुत्र्यांनाही तो होतो. समोर काही लुकलुकलं किंवा एकदम हललं की ती दचकून झटका देतात. टोरांटोच्या सिककिड्स इस्पितळातले बर्ज मिनासियन, हॅनेस लोही आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की या कुत्र्यांतही बिघाड त्याच जनुकात आहे, ज्यातल्या बिघाडाने मुलांना लाफोरा होतो. बारा अक्षरांचा एक तुकडा कुत्र्यांच्या डीएनएत पुन्हापुन्हा छापला गेलेला असतो. आता पैदास करण्याआधी चाचणी करून हा आजार टाळता येतो. आणि ग्वेल्फच्या आमच्या कॉलेजात फियोना जेम्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना भूल न देता, डोक्याला वायरलेस उपकरण लावून, व्हिडिओसकट मेंदूचा आलेख घेण्याची पद्धत वापरात आणली. त्याचा निबंध २०१७ चा. ड्रेसिंग टेबलावरच्या कुत्र्याला बांधून ठेवलं होतं. इथला खोलीत मोकळा फिरतो, आणि त्याचा मालक जवळ बसलेला असतो.

मोत्याच्या वहीबद्दल मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या मिरजेच्या घरात दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं, तुमच्याही असेल. त्यावर आजी दुधाचे खाडे मांडायची, पेन्सिलीने फुली. बाबा कॉलेजात असताना महिन्याचा हिशेब करायला बसले आणि गवळ्याशी भांडले, की खाडे सात आहेत आणि तू तीनच धरलेस. गवळी शपथ घेऊन सांगत होता, दूध घातलंय. आजीने आतून येऊन बाबांना हाक मारली आणि म्हणाली, "त्याचे बरोबर आहेत. दे पैसे."

उरलेल्या चार फुल्या अक्काच्या होत्या.

ती कॅलेंडरं कुणी ठेवली नाहीत. अक्का झोपेत गेली, हार्टने गेली असं सांगितलं गेलं. अपस्मार असलेली माणसं क्वचित रात्री झोपेत अचानक जातात, याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. हे मी वाचलंय, बाबांना सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, मोत्याचं कसं चाललंय? मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. शेवटची नोंद एकोणसत्तर दिवसांपूर्वीची. ते चष्मा वर करून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "वेळ पण लिहितेस होय? आई वेळ लिहायची नाही." आणि सात वाजत आले होते म्हणून मी गोळी द्यायला उठले.